लाज वाटली म्हणून सांग त्यांना

आमच्या वॉर्डात विद्यार्थ्यांना पेशंट वाटून देताना आजार बघत नसत, भाषा बघत. तमिळ बोलणारी आजी एकाला, उर्दू बोलणारे चाचा दुसऱ्याला. कन्नड सगळ्यांनाच यायचं, निदान यायला हवं होतं. आणि निपाणी-बेळगावकडून कुणी आलं की सगळे माझ्याकडे बघत, कारण बॅचमध्ये मराठी घरातला मी एकटाच. बेंगळुरूतली, नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. मागच्या वर्षापर्यंत कुणाला नीट सांगितली नव्हती, आणि जी सांगत आलो ती खरी नव्हती.

आमचं घर चिकपेटमधलं, पिढ्यान्‌पिढ्या कापडाच्या धंद्यातलं. घरात मराठीच, पण पुण्याचा पाहुणा जेवता जेवता थांबून 'स्वल्प' म्हणजे काय विचारायचा आणि आम्ही 'थोडं' म्हणून सांगायचो, तसलं. त्या घरात बायकांच्या गोष्टी बायकांतच राहायच्या. आई किंवा अक्का चार दिवस स्वयंपाकघरात दिसली नाही तर का ते आम्ही मुलगे विचारत नसू, आणि कुणी सांगतही नसे. मेडिकलला गेलो तेव्हा 'पाळी' हा शब्द मी तोंडानं एकदाही उच्चारला नव्हता. इंग्रजीतून तोच विषय घडाघडा म्हणून दाखवायचो, चांगले मार्क मिळवायचो.

आमच्या युनिटच्या प्रमुख मॅडम पन्नाशीच्या, बुटक्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. स्टेथोस्कोप आधी तळहातात धरून ऊबदार करायच्या आणि मगच पेशंटच्या छातीला लावायच्या. आम्ही तसं केलं नाही तर तो थंड स्टेथोस्कोप आमच्याच मानेला टेकवायच्या. राउंड संपला की कॅन्टीनमध्ये नेऊन एकीत दोघं अशी बाय-टू कॉफी पाजायच्या आणि कोण जेवलं नाही, कोणाच्या घरी काय चाललंय हे बरोबर काढून घ्यायच्या. शिकवण्याचा निम्मा भाग तिथंच व्हायचा.

तिसऱ्या वर्षात मला ती बाई मिळाली. निपाणीजवळच्या खेड्यातली, पंचविशीची, धाप लागते म्हणून आलेली. लहानपणीच्या तापानं हृदयाची झडप आखडली होती. माझं मराठी ऐकून ती आधी हसलीच. म्हणाली, "हे कसलं मराठी तुमचं? अर्धं कानडी, अर्धं पुस्तकातलं." पण दिवसभर कुणाशी बोलायला नव्हतं, त्यामुळे सगळं सांगायला लागली. जिना चढताना काय होतं, रात्री उशा किती लागतात, सासूचा स्वभाव कसा, सगळं. सासू शेजारी स्टुलावर बसूनच होती.

प्रश्नांचा एक क्रम असतो. तक्रार, आधीचे आजार, औषधं, आणि बाई असेल तर पाळी कधी आली, मुलं किती, सध्या गरोदर आहे का. मी तिथवर आलो आणि अडकलो. सासू बघत होती. ती बाई माझ्या अक्काच्या वयाची, माझ्या भाषेत बोलणारी. इंग्रजीत जो प्रश्न मी झोपेतही विचारला असता तो मराठीत ओठांवर येईना. मी पेन उघडलं, बंद केलं, आणि पुढचा प्रश्न विचारला.

दुसऱ्या दिवशी राउंडला मॅडमसमोर मी केस म्हणून दाखवली. त्या जागेवर आलो तेव्हा न अडखळता म्हणालो, पाळी नियमित, एक मूल, बाकी काही नाही. मूल एक हे सासूच्या बोलण्यात आलं होतं. बाकीचं मी बनवलं. हे सगळेच थोडंफार करतात, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. करायचेही. पण म्हणून ते काही कमी होत नाही.

मॅडमनी छाती तपासली, मग पोटावर हात ठेवून लिव्हर चाचपलं. हात खाली सरकला आणि थांबला. परत चाचपलं. मग त्यांनी कन्नडमध्ये हळूच विचारलं, किती महिने? तेवढं कन्नड तिला कळत होतं. तिनं चार बोटं दाखवली.

त्या दुपारी तिला एक्स-रेला न्यायचं होतं, आणि रक्त पातळ करणारी एक गोळी सुरू व्हायची होती. पोटातल्या मुलाला ती गोळी बाधते. मॅडमनी दोन्ही थांबवलं, सिस्टरला सूचना दिल्या, मग माझ्याकडे वळल्या. पाळी नियमित म्हणालास ना?

मी म्हणालो, "तिनं तसंच सांगितलं, मॅडम."

एवढं एक वाक्य. त्यानंतर आयुष्यात मी बरंच बोललो आहे, पण एवढं स्पष्ट, एवढ्या पटकन क्वचितच.

मॅडम म्हणाल्या, विचार तिला, का लपवलंस. रागावून नाही, समजून घ्यायला. पुढच्या वेळी अशी बाई आली तर आपल्याला कळायला हवं ना.

आता हे मला मराठीत विचारायचं होतं. सगळी बॅच पलंगाभोवती उभी, आणि त्यातल्या एकालाही मराठी कळत नव्हतं. मी खाली बघत म्हणालो, "त्या विचारतायत, तुम्ही सांगितलं का नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काही विचारलंच नव्हतं हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. सासू काही बोलायला तोंड उघडत होती, तिला बाईनं हातानंच थांबवलं.

"लाज वाटली म्हणून सांग त्यांना," ती म्हणाली, तेवढ्यापुरतं 'अहो' सोडून.

मी सांगितलं. लाज वाटली म्हणते, मॅडम. लाज माझी होती. तिनं ती उचलली आणि स्वतःच्या नावावर घेतली, शेजारणीचं रडणारं पोर कडेवर घ्यावं तितक्या सहज.

मॅडम मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना हे विचारायचं कसं ते शिकवलं. पडदा ओढायचा. घरच्यांना चहा पिऊन या म्हणायचं. उभं राहून नाही, बसून विचारायचं, आणि आधी सांगायचं, हे मी प्रत्येक बाईला विचारतो. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तू पहिला, आणि तिच्याकडेच. मी पडद्याआड बसलो आणि तिला पाळीबद्दल विचारलं, मराठीत, आयुष्यात पहिल्यांदा. तिनं कधीच कुणी विचारलं नसल्यासारखी सगळी उत्तरं दिली. शब्द चुकला की दुरुस्त करायची. "'गर्भधारणा' म्हणू नका हो, बाई घाबरंल. दिवस गेलेत का म्हणावं." मॅडम पडद्याबाहेर थांबून ऐकत होत्या. भाषा कळत नव्हती, पण मी थांबलो कुठं, घाई केली कुठं, ते त्यांनी नंतर नेमकं सांगितलं.

बाईला हृदयाच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं, झडप फुग्यानं रुंद केली. वर्षभरानं ती तपासणीला आली तेव्हा कडेवर मुलगी होती. मी तिला लांबून पाहिलं आणि दुसऱ्या दारानं निघालो. तिनं हाक मारली. मुलगी माझ्या हातात दिली, पोरीनं लगेच माझ्या ॲप्रनचं बटण तोंडात घातलं. मी माफी मागायला शब्द जुळवत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "आता विचारता का बायकांना?"

"विचारतो."

"मग झालं की."

माझ्यापुरतं झालं असतं तर बरं होतं. पण मॅडम दर वर्षी नव्या बॅचला ही केस सांगायला लागल्या. पेशंट लाजून लपवतात, म्हणून स्वतः तपासा, त्यांच्या शब्दावर थांबू नका. निपाणीच्या बाईची केस म्हणून ती कॉलेजात पक्की झाली. पुढे मी शिकवायला लागलो आणि मीही तशीच सांगितली. कितीतरी मुलं ते ऐकून डॉक्टर झाली. एका बाईनं मला वाचवायला म्हटलेलं एक वाक्य, आणि बायका खरं सांगत नाहीत असं आम्ही त्यातून शिकवत राहिलो.

मागच्या वर्षी मॅडमच्या घरी गेलो. आता त्यांना नीट दिसत नाही. कॉफी स्वतःच केली, मला उठू दिलं नाही. मी बशीकडे बघत सगळं सांगितलं. मला वाटलं, आता माझ्याबद्दल काहीतरी म्हणतील, आणि ते ऐकायची माझी तयारी होती.

त्या म्हणाल्या, "मी तरी कुठं विचारलं तिला? चार शब्द कन्नडमध्ये विचारले. बाकी तुझ्याकडून ऐकलं आणि 'सरी, ठीक आहे' म्हटलं. पडदा मी दुसऱ्या दिवशी ओढायला शिकवला. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर उत्तर मागितलं ते मीच." मग विचारलं, ही केस अजून सांगतोस?

सांगतो म्हणालो.

"मग आता नीट सांग."

सोमवारी क्लास होता. नेहमीप्रमाणे केस सुरू केली, आणि त्या जागेवर आल्यावर म्हणालो की त्या बाईनं काही लपवलं नव्हतं. तिला विचारलंच नव्हतं. विचारायचं काम माझं होतं, मी विचारलं नाही, आणि विचारलं असं खोटं सांगितलं. दोघातिघांनी आधी लिहिलेलं खोडलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी जरा थांबून म्हणाली, सर, मग तुम्हाला कुणी काहीच शिक्षा केली नाही?

"शिकवलं," मी म्हणालो. "दोघींनी."