पुडीतली अमेरिका

शाळेच्या ग्रंथालयात मी परत आलेली पुस्तकं फळ्यांवर लावत होते, तेव्हा केतकीचा फोन आला. "मावशी, बाबा गेले. पहाटे, झोपेतच." एवढं म्हणून ती थांबली. समोर चौथीचा वर्ग रांगेत उभा होता, त्यांना पुस्तकं द्यायची होती. ती मी दिली. दुपारपर्यंत इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली आणि संध्याकाळी चिटणिसांचा फोन आला. "ताई, रविवारी शोकसभा ठेवलीय. तुमची त्यांची जुनी ओळख, पाच मिनिटं बोला. गणपतीचं मखर, वधू-वर मेळावा, मिश्कील स्वभाव, असं. फक्त ते अमेरिकेचं नको. लोकांना उगाच ते आठवायला नको." मी "बघते" म्हणाले. नकार द्यायचा असला की मी आयुष्यभर हेच म्हणत आले आहे, आणि ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ होकार असाच घेतला आहे. फोन ठेवल्यावर मात्र मनात आलं, की अमेरिका वजा केली तर गजानन सबनीस या माणसातलं मखर तेवढं उरतं. मखर काय, दर वर्षी कुणीतरी करतंच.

सबनीस इथे आखातात, मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन होते. निवृत्तीनंतर मोहम्मद बिन झायद सिटीत मुलीकडे, केतकीकडे, तिच्याच व्हिसावर राहत. नातीचं पुस्तक परत करायला ते पहिल्यांदा ग्रंथालयात आले आणि मला म्हणाले, "बाई, जुने ज्ञानकोश रद्दीत काढणार असाल तर मला सांगा. जितके जुने तितके बरे. एकोणीसशे पन्नासच्या आसपासचे असतील तर गाडी घेऊन येतो." मला वाटलं, अमेरिकेला जाऊन आलेले असतील, त्या दिवसांची ओढ असेल. ते कधीच गेले नव्हते. व्हिसासाठी अर्जसुद्धा केला नव्हता. "मला जायचंय ती अमेरिका आता तिथेही नाही," असं ते म्हणत, "तिकीट काढून काय उपयोग?"

त्यांची अमेरिका पुडीतून आली होती. वडिलांचं सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी किराणा दुकान होतं. जवळच्या मिशनच्या दवाखान्यातून जुनी अमेरिकन मासिकं रद्दीत येत. कागद गुळगुळीत, जाड. जिरं-मोहरीच्या पुड्यांना उत्तम. वडील पान उभं फाडून दोन पुड्या करत. त्यामुळे सहा-सात वर्षांच्या गजाननला अमेरिका अर्धी अर्धीच भेटली. अर्धी मोटार, मागच्या बाजूला माशासारखे पर असलेली. अर्धी बाई, हातात ट्रे घेऊन हसणारी. उरलेला अर्धा भाग कुणाच्या तरी मोहरीबरोबर गेलेला असे. मग हा मुलगा गिऱ्हाइकाच्या मागे घरापर्यंत जाई आणि दारात उभा राही. "काकू, पुडी मोकळी झाली की कागद द्याल?" सगळ्याच काकू देत नसत. एका पानावर, ते सांगत, लाकडी दारांचं सुबक कपाट होतं, दारं उघडी, आत उजेड. पुढ्यात खणाखणांचं चकचकीत ताट... एका खणात भाजी, एकात वाटाणे, एकात काहीतरी गोड. माणसं दुसऱ्या अर्ध्यात राहिली होती. मुलाने घरी जाऊन आईला सांगितलं, "अमेरिकेतही देव्हारा असतो. तेही नैवेद्य दाखवतात." आईला ते फार आवडलं. तिने शेजारणींना सांगितलं. ते कपाट म्हणजे टीव्ही आणि ते ताट म्हणजे गोठवलेलं तयार जेवण, टीव्ही बघत मांडीवर घेऊन खायचं, हे कळायला सबनिसांना पंधरा वर्षं लागली. ही गोष्ट ते स्वतःवर हसत सांगायचे. पुढे म्हणायचे, "आईला मी खरं कधी सांगितलं नाही. ती अमेरिकेला भाविक समजतच गेली."

केतकीच्या हॉलची एक भिंत त्यांनी अशा जाहिरातींनी भरून टाकली होती. जुन्या बाजारातून मागवलेली पानं, साध्या फ्रेममध्ये. फ्रीज, धुलाईयंत्र, वाळूवर कालपरवा उठवलेली एकसारखी घरं, दारात गाडी. पाहुणे म्हणत, काका, काय सुंदर दिवस होते हो. सबनीस चिडत. हे मला इथे स्वच्छ लिहायचं आहे, कारण मागे राहिलेल्या लोकांनी त्यांना जुन्या अमेरिकेच्या प्रेमात पडलेला हौशी म्हातारा ठरवून टाकलं आहे. ते प्रेमात वगैरे नव्हते. चित्र बघितलं की ते पहिल्यांदा फाटलेली कड शोधत. अख्ख्या पानावरही शोधत. "पान पूर्ण मिळालं म्हणजे चित्र पूर्ण मिळालं असं नाही, बाई," हे त्यांचं म्हणणं.

मंडळात त्यांचं शनिवारचं व्याख्यान असे, 'जुनी अमेरिका' म्हणून. आधी गर्दी व्हायची. सोडा फाउंटन म्हणजे सरबत-आइस्क्रीमचे काउंटर, गाडीत बसून बघायचे सिनेमे, नाण्यावर गाणी वाजवणारी यंत्रं. लोक हसायचे, चहा घ्यायचे. मग एका शनिवारी त्यांनी पडद्यावर एक स्वयंपाकघर दाखवलं. आई, वडील, दोन मुलं, उघडा फ्रीज. "यात कोण नाही?" त्यांनी विचारलं. कुणी म्हणालं आजी नाही, कुणी म्हणालं सासू नाही म्हणून तर सगळे हसतायत. हशा झाला. मागून इथेच वाढलेली एक बारावीतली मुलगी म्हणाली, "द मेड." सबनीस म्हणाले, बरोबर. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कितीतरी घरांत हे स्वयंपाकघर चालवणारी काळी बाई जाहिरातीत येत नव्हती. ती ज्या दुकानात फरशी पुसायची तिथल्या काउंटरवर तिला बसून कॉफी मिळत नव्हती. ही जी घरं दिसतात, त्यांतल्या कित्येकांच्या करारपत्रात लिहिलेलं असे की ती तिला विकायची नाहीत. मग त्यांनी प्रोजेक्टर बंद केला. "आता आपण आपापल्या मोबाइलमधले घरचे फोटो काढू या. दिवाळीचे, वाढदिवसाचे. आणि हेच विचारू."

कुणीही मोबाइल काढला नाही. चिटणीस उठून म्हणाले, "सबनीस, जपून. आपण इथे पाहुणे आहोत."

"मी यजमानांबद्दल बोलतच नाहीये," सबनीस म्हणाले. "फोटो आपले आहेत. काढणारे आपण. कोणाला बाजूला व्हायला सांगायचं तेही आपणच ठरवतो."

पुढच्या महिन्यापासून शनिवारचं सभागृह सुगरण स्पर्धेला मिळालं. सबनिसांनी मला फोन करून सांगितलं, "खलास, बाई. पण केतकीचा हॉल रिकामा आहे." आणि शनिवार तिथे सुरू झाले. सात-आठ माणसं यायची. मुसफ्फाहून शौकत यायचा, गुहागरकडचा वेल्डर, सबनिसांच्या वर्कशॉपमधला. शेवटच्या खुर्चीत बसून एक शब्द न बोलता ऐकायचा. पुढे सबनीस आजारी पडले, तरी शनिवार चुकला नाही. आवाज गेला तेव्हा ते नुसतं चित्र वर धरत आणि आम्ही बोलायचो. त्यांनी माझ्याकडून कसलंही वचन घेतलं नाही. ते बरं झालं. नाहीतर मी पुढे केलं ते त्यांच्या शब्दाखातर केलं, असं म्हणायला मला जागा राहिली असती.

शोकसभेत मी कागद लिहून नेला होता. मखराचं एक वाक्य म्हटलं आणि मग पुडी, देव्हारा, नैवेद्य सांगितलं. लोक हसले. तिथे थांबता आलं असतं... मी काउंटरवर बसू न दिलेल्या बाईवर आले, त्या शनिवारवर आले, सभागृह कसं गेलं त्यावर आले. चिटणिसांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, वेळ." मी म्हणाले, "मला अजून दोन पानं वाचायची आहेत." मला वाटतं, लोकांसमोर मी कुणालाही दिलेला तो पहिला नकार. दोन्ही पानं वाचली. टाळ्या शोकसभेत वाजवत नाहीत, त्यामुळे कुणाला काय वाटलं ते कळलं नाही. मंडळाच्या वृत्तांतात आलं, 'सबनीस यांच्या कलात्मक मखरांच्या आठवणींना उजाळा देण्यात आला.' म्हणून हे लिहिते आहे. त्यांचं मखर चांगलं असायचं, पण ते मखरवाले नव्हते.

त्यानंतरच्या शनिवारी केतकीकडे गेले. ती म्हणाली, "मावशी, सगळे म्हणतात आता भिंत मोकळी कर, आठवण येत राहील. मी म्हटलं, येऊ दे की." खुर्च्या तिने मांडून ठेवल्या होत्या. माणसं आली. काय करायचं कुणाला सुचत नव्हतं. तेवढ्यात शौकतने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोटो काढला. गुहागरचं नवं घर. पुढच्या खोलीत, येणाऱ्याला आधी दिसेल असा, उंच फ्रीज, आणि त्याच्या दोन बाजूंना बायको, आई, तीन मुलं.

"फ्रीज मीच घेतलेला," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. मी अजून उघडून बघितला नाय."

केतकी आत जाऊन हातोडी आणि खिळा घेऊन आली. भिंतीवर जागा नव्हती. आम्ही दोन अमेरिकन स्वयंपाकघरं थोडी सरकवली.