साहेबांनी स्वतःच्या हातानं केलेलं कपाट

लोहाराच्या भट्टीपाशी आलेला माणूस लगेच उठून जात नाही. फाळ तापेपर्यंत त्याला बसावंच लागतं, आणि रिकामा बसलेला माणूस कधी गप्प बसलाय का? थंडीत तर ज्याचं काही काम नाही तोही शेकायला येतो आणि जाताना कुणाची तरी एखादी भानगड सांगून जातो. असं माझ्याकडे इतकं साठलंय की सून म्हणते, "मामा, भंगार विकलंत, आता हेही एकदा बाहेर काढा!" म्हणून काढतोय.

मी पिरंगुटचा दत्तू लोहार. पुढं पुण्याला कारखान्यात फिटर झालो, त्यामुळं भाषा थोडी सुधारली. जीभ काही सुधारली नाही. हे सगळं त्याच्या आधीचं, साठ सालाच्या आसपासचं. माझ्या भट्टीला लागून बापू सुतारांची छपरी होती. नांगर, पाभर, बैलगाडी, पाळणा, लग्नाचे पाट, गावाला लाकडाचं जे लागेल ते बापू करायचे. लाकूड त्यांचं, लोखंड माझं. ते माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, पण आमचं जमायचं.

त्याच सुमाराला पौड रस्त्याला इंजिनेरसाहेब राहायला आले. सरकारी खात्यातून रिटायर झालेले. बंगला, मोटार, मोटारीला ग्यारेज, आणि ह्या सगळ्याची उस्तवार करायला बाईसाहेब!

*

साहेब आमच्याकडं पहिल्यांदा आले ते एक विलायती मासिक काखेत मारून. त्यात एका गोऱ्याचा फोटो होता. अंगात एप्रन, मागं भिंतभर लाकडी खण आणि कपाटं, प्रत्येक हत्याराला वेगळी जागा.

"माझ्या ग्यारेजमध्ये हुबेहूब असं पाहिजे," साहेब म्हणाले. "माझं स्वतःचं वर्कशॉप! रिटायर झालेल्या माणसानं हातानं काम केलं पाहिजे."

बापूंनी फोटो लांब धरला, जवळ धरला, उन्हात नेऊन बघितला.

"सायेब, ह्यो गोरा काम कुटं करतो?"

"इथंच की! दिसत नाही का?"

"मग खाली भुसा कसा न्हाई? फुटूसाठी हुबा ऱ्हायलाय नुसता!"

साहेबांचं नाक लाल झालं. निघून गेले असते, पण शेजारच्या माण गावचा सुतार पाय मोडून घरात पडला होता आणि पुण्याहून कुणी इतक्या लांब यायला तयार नव्हतं. त्यामुळं ह्या आडमुठ्या म्हाताऱ्याशीच गाठ होती.

*

काम सुरू झालं. साहेबांनी नकाशा काढला होता, तोही सेंटिमीटरमध्ये. तेव्हा सरकारनं नुकताच मीटर आणलेला. बापू आपली गजकाठी घेऊन इंच आणि सूत मोजायला लागले तसे साहेब ओरडले, "इंच आता बंद झालेत! सरकारचा हुकूम आहे!"

बापू शांतपणे म्हणाले, "झाले आसत्याल. पण ह्या सागवानाला अजून कागद आलेला न्हाई."

पुढं आठ दिवसांनी पहिलं कपाट उभं राहिलं. साहेबांनी सपाटी बघायला वर पाणसळ ठेवली. आतला बुडबुडा गेला एका कडेला! साहेबांना कोण आनंद! "बघितलंस? वाकडं! शेवटी नांगरच करणारे तुम्ही लोक!"

बापूंनी ती पाणसळ उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली. बुडबुडा त्याच कडेला. ग्यारेजची जमीन कुणी करून घेतली होती? साहेबांनी, स्वतः उन्हात छत्री घेऊन उभं राहून!

"सायेब, कपाट नीट हाय. जमीन ताडी पिऊन आलीया."

जमीन काही पुन्हा केली नाही. बापूंनीच कपाटाच्या पायाखाली गुपचूप पाचरी मारून दिल्या. साहेबांनी पुन्हा पाणसळ लावली आणि म्हणाले, "आता कसं? मी बोललो म्हणून सरळ झालं!"

*

मग एके दिवशी साहेबांना हातानं काम करायची हुक्की आली. रंधा घेतला आणि लाकडाच्या रेषेच्या उलटा घालायला लागले. फळीचे नुसते लचके निघत होते. साहेब घामाघूम.

"बापू, हे लाकूड हलकं दिलंय तुला कुणीतरी!"

"लाकूड झ्याक हाय. मांजर उलटं कुरवाळलं तर बोचकारनारच."

साहेबांनी ऐकलं असतं तर ते साहेब कसले! रंधा सटकला आणि अंगठ्याचं साल गेलं. बाईसाहेब धावत आल्या, हळद लावून पट्टी बांधली. जखम केवढी? तांदळाएवढी. पट्टी केवढी? लिंबाएवढी!

पंधरा दिवस ती पट्टी सुटली नाही. जो येईल त्याला साहेब अंगठा दाखवायचे. "कपाट करतोय ना, चालायचंच!" मी तिथं कड्या बसवत असायचो. सुरुवातीला ते म्हणायचे, "कपाट करून घेतोय." अंगठा कापल्यावर झालं, "कपाट करतोय." आणि पट्टी सुटली तेव्हा "मी केलंय!" बापूंच्या हाताला त्या दोन महिन्यांत चार ठिकाणी लागलं होतं. ते कुणालाच दाखवत नव्हते.

*

छत्तीस खण झाले. प्रत्येकावर साहेबांनी रंगाऱ्याकडून नावं घालून घेतली. 'खिळे, लहान'. 'खिळे, मध्यम'. 'स्क्रू'. 'वायसर'. एकावर 'किरकोळ' आणि त्याच्या शेजारच्यावर 'इतर किरकोळ'!

चांदे गावच्या गेणबाची बैलगाडी नेमकी बंगल्यासमोर आली आणि तिची एक फळी सुटली. गेणबा आत गेला. "सायेब, एक खिळा द्या की."

"कोणता? लहान, मध्यम की मोठा?"

गेणबानं बोट दाखवलं. "येवढा."

साहेबांनी 'खिळे, मध्यम' ओढला. रिकामा. 'खिळे, मोठे' ओढला. तोही रिकामा. मग गेणबाच एकेक ओढत सुटला. छत्तीसच्या छत्तीस खण, आत फक्त ताज्या लाकडाचा वास!

"सामान मुंबईहून यायचंय," साहेब म्हणाले.

गेणबा येऊन माझ्याकडून खिळा घेऊन गेला. जाताना म्हणाला, "दत्तू, लई शिकलेला मानूस हाय तो. त्याला काय न्हाई ते कुटं न्हाई, हे बी ठावं हाय!"

*

मोटारीचं सांगायचं राहिलंच. भिंतभर कपाटं, मधे टेबल, टेबलाखाली आणखी खण. सगळं बसलं आणि साहेब मोटार आत घ्यायला गेले. अर्धी आत, अर्धी बाहेर! दार लागेना.

"टेंपररी बाहेर ठेवू," म्हणाले. मोटार गेली आंब्याखाली आणि तिथंच राहिली. पंधरा दिवसांत बाईसाहेबांची कोंबडी मागच्या सीटवर खुडूक बसली. साहेबांनी आरडाओरडा केला. बाईसाहेबांनी खिडकीतून हात घालून पदरात सात अंडी गोळा केली आणि आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घेतल्यापासून पहिल्यांदा घराला काहीतरी दिलं ह्या मोटारीनं!"

*

त्या बाई मला तिथंच आवडल्या. साहेबांसमोर कमी बोलायच्या, पण जे बोलायच्या ते जागच्या जागी लागायचं.

आता बापूंची एक रीत होती. त्यांच्या बापाची, आज्याची. संदूक असो, कपाट असो, त्यात एक चोरखण ठेवायचाच. बाहेरून कुणाला कळणार नाही असा. आणि काम पुरं झालं की तो कुठं आहे, कसा उघडायचा, हे घरच्या बाईला एकटीला सांगायचं. घरधन्याला नाही. सांगितलं की सुतारानं तो विसरून जायचा. पुन्हा तोंडातून शब्द काढायचा नाही, प्राण गेला तरी.

मी म्हटलं, "बापू, हे स्क्रू ठेवायचं कपाट! ह्यात कसला चोरखण?"

"कपाट ते कपाट. बाईमानसाला घरात येक जागा आसावी, जितं दुसऱ्या कुनाचा हात जाऊ नये."

बाईसाहेबांना त्यांनी बाजूला नेऊन दाखवलं. मी बाहेर उभा राहिलो. त्या हसत बाहेर आल्या. "अहो बापू, ह्या ग्यारेजात माझं काय असणार आहे?" पण डोळे भरले होते, ते मी बघितलं. चोरखण आहे हे मला ठाऊक झालं. कुठं आहे, ते बापूंनी मलासुद्धा सांगितलं नाही.

*

आणि आता पाटीचं.

साहेबांचे चार जुने सोबती पुण्याहून वर्कशॉप बघायला यायचे होते. त्यांच्यासाठी साहेबांनी पितळी पाटी कोरून आणली, कपाटावर ठोकायला. आदल्या दिवशी दुपारी ती टेबलावर ठेवली होती. बापूंना वाचता येत नव्हतं. "दत्तू, काय लिवलंय रं?"

मी वाचलं. 'या कार्यशाळेतील सर्व काम गृहस्वामींनी स्वहस्ते केले आहे.' खाली साहेबांचं नाव.

"म्हंजे?"

म्हणजे काय, ते सांगितलं. बापू जरा वेळ हातातली पटाशी पुसत राहिले. "आसू दे. नांगरावर तरी कुटं आसतं नाव?" माझं डोकं असं फिरलं की ती पाटी भट्टीत घालून तिची घंटा करावी! बाईसाहेब दारात उभ्या होत्या. त्यांनीही पाटी वाचली. मागून आलेल्या साहेबांना एकदाच विचारलं, "स्वहस्ते?" साहेब म्हणाले, "तुला नाही कळायचं." त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापू आणि मी राहिलेल्या दोन कड्या बसवायला गेलो, तर साहेब ग्यारेजभर थयथयाट करतायत. पाटी नाही! छत्तीस खण उपसून झाले. टेबलाखाली नाही, मोटारीत नाही.

"काल शेवटी इथून कोण गेलं? बापू, पिशवी उघड!"

बापूंनी पिशवी जमिनीवर उलटी केली. करवत, रंधा, पटाशा, फडक्यात बांधलेली भाकरी.

"घरी नेऊन ठेवली असशील. पितळ आहे ना! पाहुणे जाऊ देत, मग पौडहून फौजदाराला बोलावतो. गावाला कळू दे, कसला सुतार पाळलाय ते!"

हे ऐकायला साधं वाटेल, पण सुताराला काय असतं हो? तो पाळणा टांगायला थेट माजघरात जातो. घरात एकटी बाई असली तरी तिथं कडी बसवतो, धान्याच्या खोलीचं दार नीट करतो. पिरंगुटपासून माणपर्यंत बापूंना कुणी उंबऱ्यावर थांबवलं नव्हतं. एकदा चोर म्हटलं की संपलं. मग अंगणातच बसा, काय करायचं ते तिथंच करा, आणि जाताना पिशवी झाडून दाखवा.

मी बापूंकडं बघितलं. त्यांची नजर एकदा, फक्त एकदाच कपाटाकडं गेली आणि खाली वळली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी कानाशी लागलो. "बापू, बोला की! मोकळे व्हाल!"

"दत्तू, गप ऱ्हा."

"अहो, फौजदार येतोय!"

"येऊ दे. ती जागा आता माझी न्हाई."

साठीला आलेला माणूस, चोर ठरायला तयार झाला, पण जागा सांगायला नाही. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी त्यांचा रागही येत होता. आणि मला तरी काय सांगता येणार? जागा कुठं ते माहीत नाही. बाईसाहेब मागं स्वयंपाकघरात पाहुण्यांच्या शिऱ्यात गुंतलेल्या, त्यांना ह्यातलं काही ऐकूच गेलेलं नाही. मी त्यांच्याकडं निघालो, तेवढ्यात पाहुण्यांची मोटार फाटकात शिरली आणि साहेबांनी मला दरडावून थांबवलं. "दोघं इथंच उभे राहा. हलायचं नाही!"

पाहुणे आले, वा वा झालं. त्यातला एक टक्कल पडलेला गृहस्थ जाणता होता. त्यानं एक खण पूर्ण बाहेर काढून कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "एकही खिळा नाही! दात एकमेकांत बसवलेत! हे कसं कापलंत हो?"

"करवतीनं," साहेब म्हणाले.

"ते खरं. पण कसं?"

"हळूहळू!"

गृहस्थ साहेबांच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्याचं लक्ष दाराशी उभ्या बापूंकडं गेलं. "हे कोण?"

"तो? गावातला सुतार. फळ्या उचलायला ठेवला होता. चोर निघाला! माझी पितळी पाटी लांबवली. ही माणसं म्हणजे..."

बाईसाहेब चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. "कोण चोर?"

 साहेबांनी बापूंकडं बोट केलं. बाईसाहेबांनी जमिनीवर पसरलेली हत्यारं बघितली, ती भाकरी बघितली आणि बापूंचा चेहरा बघितला. त्यांचा चेहरा उतरला.

त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. सरळ कपाटाशी गेल्या. मधल्या ओळीतला एक खण काढून बाजूला ठेवला, आत कोपरापर्यंत हात घातला, काहीतरी दाबलं. टक् असा आवाज झाला आणि कपाटाच्या कडेची एक फळी चार बोटं पुढं आली. त्यांनी आतून पाटी काढली आणि टेबलावर ठेवली.

टक्कलवाल्या गृहस्थानं ती उचलून मोठ्यानं वाचली. पार 'स्वहस्ते'पर्यंत.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. एकदा पाटीकडं, एकदा त्या फळीकडं बघतायत. "अगं, पण... ही तिथं गेली कशी? आणि हा... हा खण आला कुठून?"

बाईसाहेबांनी ट्रे उचलला, पहिला कप बापूंच्या हातात दिला आणि म्हणाल्या,

"अहो, मला काय विचारता? कपाट तुम्हीच केलंय ना!"