नरहर मास्तरांचा पहिला प्रयोग

नरहर मास्तर मूळचे सेलूचे. समुद्रपूरकडच्या एका खेड्यात बदलून आले तेव्हा ट्रंकेत धोतरं दोन आणि काचेच्या बाटल्या सतरा. माणूस सरळ, पण बोलण्यात भलताच कंजूष, आणि तिथेच त्यांचं घोडं पेंड खायचं.

ते साल सत्तावन्न. जगभरचे शास्त्रज्ञ फुगे आणि अग्निबाण सोडून वरच्या हवेचा अभ्यास करत होते. मास्तरांनी ती बातमी पेपरात वाचली आणि आपल्या मुलांकडूनही हवेचं काहीतरी करून घ्यायचं डोक्यात घेतलं. पण एका खोलीत तीन वर्ग, बाटल्या मांडायच्या कुठे? सरपंच पुंडलिकरावांकडे जाऊन ते एवढंच म्हणाले, "चावडीमागची खोली प्रयोगासाठी पाहिजे होती."

"प्रयोग? वा, मास्तर!" पुंडलिकरावांनी तिथल्या तिथे किल्ली काढून दिली. "रविवारीच होऊन जाऊ द्या पहिला. गावाले मी सांगतो."

रविवारी दुपारी चावडीपुढे ही गर्दी! सतरंज्या आल्या, बाजाची पेटी आली. म्हाताऱ्या रामबाईंनी तर पुढची जागा सकाळीच पाट ठेवून धरली होती. मास्तर फडक्याने पेला पुसत बाहेर आले.

"राजा कोण झाला हाये? अन् पडदा कुठी?" रामबाईंनी विचारलं.

आता कुठे मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. बिचाऱ्यांनी सांगून टाकलं, की हा नाटकाचा नाही, विज्ञानाचा प्रयोग आहे. नाटकवेड्या पुंडलिकरावांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

"मंग किल्ली वापस द्या. खोली म्या नाटकासाठी देल्ली होती."

खोली गेली की सगळंच मुसळ केरात. मास्तर रडायचेच बाकी होते. पण त्या दिवशी कशी कोण जाणे, त्यांची जीभ सुटली. "देतो ना! पण आधी पाहा तर खरं. तुम्हीच या इकडे."

त्यांनी पेला पाण्याने काठोकाठ भरला, तोंडावर वहीचा कागद दाबला, पुंडलिकरावांच्या कोऱ्या टोपीवर पेला उलटा धरला आणि कागदाखालचा हात काढून घेतला. पण एक थेंब पडेल तर शपथ!

"कोण धरून राह्यला पाण्याले?" पुंडलिकराव मान न हलवता म्हणाले.

"हवा. ती खालून कागद वर रेटते आहे."

"वन्स मोअर!" मागून कोणीतरी ओरडलं. मास्तर हरखले आणि त्याच भिजल्या कागदाने पुन्हा पेला उलटा केला. भसकन सगळं पाणी सरपंचांच्या डोक्यावर! गाव खदखदून हसलं. मास्तरांनी मुकाट्याने खिशातून किल्ली काढून पुढे केली.

पुंडलिकरावांनी मिशीवरचं पाणी पुसलं. किल्लीकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"काऊन पडलं?"

"कागद भिजला म्हून!" मुलं ओरडली. "पेला वाकडा झाला," रामबाईंनी ठासून सांगितलं. दोन तट पडले, जो तो हमरीतुमरीवर आला. मास्तरांना इतका आनंद झाला, की उत्तर माहीत असूनही त्यांनी ते सांगितलं नाही.

"उघडा खोली, मास्तर," पुंडलिकराव म्हणाले. "अन् आना सारे पेले. काऊन पडलं ते समजल्याबिगर कोणी घरी जायचं नाई."