आम्ही दूध आणलं

'मी' या शब्दावाचून ज्याचं काही म्हणजे काही अडलं नाही, असा उभ्या न्यूझीलंडात एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका माझा मेहुणा निघाला. "आम्ही जरा पडतो" म्हणून हा एकटाच जाऊन झोपायचा. कोपऱ्यावरच्या डेअरीतून आला की "आम्ही दूध आणलं." न्यू लिनला आमच्या घरी उतरल्यावर त्याने पुण्याला फोन करून "आम्ही पोचलो" सांगितलं, तेव्हा त्याच्या सासूबाई घाबरल्याच. बायको-मुलगी दोघी इथे पुण्यात, मग हा 'आम्ही' कोण?

बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहिलेला माणूस. नोकरी शोधायला व्हिसाचे नऊ महिने मिळाले होते. नोकरी लागली तर बायको-मुलगी इकडे येणार, नाहीतर हाच परत. आणि मुलाखती कसल्या, तर कोडी! फळ्यावर आकड्यांची कसलीशी झाडं काढून ती उलटी करून दाखवायची. तशी झाडं त्याने बारा वर्षांत एकदाही उलटी केली नव्हती, तरी बिचारा करायचा. मग कोणीतरी म्हणायचं, इथला अनुभव नाही. इथे नोकरी दिल्याशिवाय इथला अनुभव येणार कुठून? वेड गेल्याशिवाय लग्न नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातला प्रकार. यातूनही निभावला, तर शेवटचा प्रश्न यायचा: यात तू स्वतः काय केलंस? हा शांतपणे सांगायचा, "वुई डिड इट." दोन दिवसांनी ईमेल: उमेदवाराचं वैयक्तिक योगदान स्पष्ट होत नाही.

शेवटी मी त्याची शिकवणीच घेतली. रोज जेवणानंतर समोर बसवून म्हणायला लावायचो, 'मी केलं.' नव्या नवरीने नाव घ्यावं तसा लाजायचा.

"भाऊजी, चौघांनी मिळून केलेलं असतं हो. मी म्हटलं की बाकीच्या तिघांची तोंडं दिसतात."

त्या तिघांचा व्हिसा संपत नाहीये, असं मी चिडून सुनावलं. मला रात्रभर वाईट वाटत राहिलं.

तीन आठवडे उरले असताना हॅमिल्टनच्या एका लहानशा कंपनीने बोलावलं. तिथे फळा नव्हता. मालकीणबाईंनी त्याला आपल्या दोन माणसांशेजारी बसवलं आणि प्रोग्रॅममधली कितीतरी दिवस न सापडलेली एक चूक शोधायला दिली. जेवणाच्या सुट्टीआधी ती सापडली. कोणी शोधली, असं बाईंनी विचारल्यावर हा अर्थातच "वुई." पण त्या दोघांनी मुकाट्याने त्याच्याकडे बोट दाखवलं.

बाहेर पडताच त्याचा फोन आला. "भाऊजी, आपल्याला नोकरी लागली."

चूक सुधारायला मी तोंड उघडलं आणि बायकोला हाक मारली.

आता तो हॅमिल्टनमध्येच, रोटोटुनाला असतो. बायको आली, मुलगी आली. मुलीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती इंग्रजीत देते आणि तिचं प्रत्येक वाक्य 'आय'ने सुरू होतं. तो कौतुकाने ऐकत बसतो. आमच्याकडे येणं वर्षातून दोन-तीनदा, तेही धावतं. त्याची मागची खोली रिकामीच आहे.

परवा डेअरीतून आलो, पिशवी ओट्यावर ठेवली आणि तोंडातून निघून गेलं, "आम्ही दूध आणलं." बायकोने चटकन माझ्या मागे दाराकडे पाहिलं. मग मीही पाहिलं.