चौथी पट्टी

फोन कंडक्टरने उचलला. स्टिअरिंग हातात असताना मी फोन घेत नाही, एवढ्या वर्षांच्या नोकरीत कधी घेतलेला नाही. सुपा मागे पडलं होतं, गाडी नगरच्या दिशेने लागली होती. कंडक्टर पुढे आला आणि कानाशी वाकून म्हणाला, "नाना, दत्ताभाऊ गेले. सकाळीच, घरी. हार्ट अटॅक म्हणत्यात." मी "बरं" म्हणालो. कामरगावला एका म्हातारीने "जरा म्होरं घे रे बाबा" म्हटलं, तर तिला तिच्या वस्तीसमोर उतरवलं. नगरला गाडी लावली, कंट्रोलरकडे सही केली, चहा घेतला. चहा पूर्ण प्यायलो, हे अजून डोक्यातून जात नाही…

दत्ता माझा मामेभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. सुप्याला कारखान्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हा कुणी जीप घेतली, कुणी बंगला बांधला. मामांनी मात्र तो सगळा पैसा पोराला पायलट करायला घातला. लोकांनी मामांना येड्यात काढलं. मीही काढलं, खोटं कशाला बोलू! मग दत्ता नोकरीला लागला आणि त्याच लोकांनी फेटा बांधून, शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार केला. चौकात हा मोठा फ्लेक्स, 'कॅप्टन दत्ता'. त्याने मला बाजूला ओढलं. "नाना, मी अजून कॅप्टन न्हाई. को-पायलट हाय. खांद्यावर तीनच पट्ट्या हायेत, बघ की." मी म्हणालो, "गप रे! गाव काय मोजायला येतंय व्हय?" तो हसला, पण फोटो काढताना खांदा जरा वळवून उभा राहिला.

कॅप्टनची चौथी पट्टी त्याला एका छोट्या कंपनीत मिळाली. पंख्याचं विमान, सत्तर-एक माणसं, लहान लहान गावं. "लांब पल्ल्याची गाडी न्हाई आपली, नाना," तो म्हणायचा, "मी आभाळातला मुक्कामी गाडीवाला." पगार उडेल तेवढ्या तासांचा. विमान दुरुस्तीला गेलं की पगारही दुरुस्तीला. आजारी पडला तर घरी बसायचं, तेही स्वतःच्या जिवावर. पण कॅप्टन होता. लग्नाच्या पत्रिकेत कॅप्टन, जत्रेच्या वर्गणीच्या बोर्डावर कॅप्टन. मामा तर घरातसुद्धा "कॅप्टन जेवले का?" असं सुनेला विचारायचे.

आणि मग एक दिवस तो मला भेटायला पारनेरच्या स्टँडवर आला. माझी ड्युटी सुटली होती. समोरच्या टपरीवर बसलो. एका मोठ्या कंपनीने त्याला बोलावलं होतं. तिथे विमान उडो न उडो, ठरलेला पगार होता. तब्येतीमुळे लायसन गेलं तरी विम्याचे पैसे घरी येणार होते. फक्त नव्याने लागायचं होतं, को-पायलट म्हणून, यादीत तळाला.

"यादी म्हंजी तुमच्यासारखीच," तो म्हणाला. "जो आधी लागला त्यो वर. तू पन तळालाच लागला हुतास ना?"

लागलो होतो. रोजंदारीवर लागलो, कुणाला नको त्या मुक्कामी गाड्या केल्या, यादीत एकेक नंबर वर सरकलो. पाय मोडला तेव्हा पाच महिने घरी होतो, पण त्या यादीनेच माझी नोकरी धरून ठेवली. यादीची किंमत साऱ्या तालुक्यात माझ्याइतकी कुणाला कळत असेल? आणि तरी मी काय बोललो, तर… "माझी गोष्ट वेगळी रं. तू गाडी चालवलेला मानूस. आता दुसऱ्याच्या शेजारी बसून त्याचं तोंड बघत जानार? चाराच्या तीन पट्ट्या करून गावात कसा येनार तू? मामांना काय सांगनार?"

सगळा वेळ तो एक हात खिशात घालून बसला होता. चहा निवला. मग म्हणाला, "व्हय, ते बी खरं हाय." आणि राहिला तिथेच, छोट्या कंपनीत.

दोनेक वर्षांत तिची विमानं एकेक करून उभी राहिली. पगार आधी उशिरा, मग अर्धा, मग बंद. मोठ्या कंपनीच्या यादीत तोवर किती पोरं लागून गेली होती. दत्ताने पुन्हा अर्ज केला, यावेळी कुणाला न विचारता. शेवटचा भेटला तेव्हा छाती चोळत होता. मी म्हणालो, "डॉक्टरला दाखव." तर म्हणतो, "अॅसिडिटी हाय. आन् दाखवलं की कागदावर येतं, नाना. लायसन अडाकलं तर मंग काय ऱ्हायलं? पुढल्या म्हयन्यात बोलावनार हायेत. तेवढं होऊ दे." मी काय करायला हवं होतं? बखोट धरून गाडीत घालायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं, होऊ दे तेवढं."

दहाव्याला मी रडलो नाही. लोक म्हणाले, नाना लई खंबीर. खंबीर कसला! काहीच होत नाही मला. जेवतो, झोपतो, गाडी काढतो.

सगळे पांगल्यावर सुनीताने, दत्ताच्या बायकोने, मला आत बोलावलं. कपाटातला त्याचा युनिफॉर्म दाखवला, चार पट्ट्यांचा, इस्त्री केलेला. मग खालच्या कप्प्यातून एक प्लॅस्टिकचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. न फोडलेलं. आत पट्ट्यांची जोडी होती, तीन-तीन पट्ट्यांची.

"या कधी आणल्या? आत्ता, अर्ज केल्यावर?" मी विचारलं.

"न्हाई ओ नाना," ती म्हणाली. "तवाच. तुमाला भेटाया पारनेरला आल्ते ना, तवा खिशात घेऊनच आल्ते. म्हनत हुते, पयल्यांदा नानाला दाखवतो, त्यो यादीतला मानूस हाय, त्याला कळंल."

पाकीट मी घरी आणलं आहे. माझा ड्रायव्हरचा बिल्ला ज्या डबीत असतो, त्या डबीत ठेवलं आहे. रोज सकाळी ड्युटीला निघताना डबी उघडावी लागते. बिल्ला काढतो, लावतो, डबी बंद करतो.