उधन्याची ताई आणि तिच्या सुऱ्या

"ताईला घेऊन ये," एवढंच माय म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी अमळनेरहून सुरतेच्या पॅसेंजरमध्ये बसलो. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. दाजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, उजवा हात सुरतेजवळच्या पांडेसऱ्यात एका डाईंग कारखान्यात रोलरमध्ये सापडला होता. अंगठा आणि करंगळी वाचली, मधली तीन बोटं गेली. नोकरीही गेली. त्याला दीड वर्ष झालं तरी ताई गावी फिरकली नव्हती. पत्रात लिहायची, आमचं बरं आहे, घरीच सुऱ्या करतो. मायचा त्यावर विश्वास नव्हता. बोटं नसलेला माणूस सुरी कशी करील, असं ती मला पुन्हा पुन्हा विचारायची.

तापीच्या खोऱ्यातून जाणारी ही लाईन तुम्ही अजून पाहिली नसेल तर दिवसाची गाडी धरा आणि भाकरी बांधून घ्या, कारण गाडी रेंगाळते. दोंडाईच्याला मिरची वाळत घातलेली दिसते. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथून पुढे चहावाले गुजराती बोलू लागतात. व्यारा, बारडोलीला दोन्हीकडे ऊस. ताई राहायची ते उधना सुरतेच्या अलीकडचं स्टेशन. उधन्याला जायचं असेल तर उधन्यालाच उतरा. मी न कळून सुरतपर्यंत गेलो आणि रिक्षाला दहा रुपये मोजून मागे आलो.

गल्लीत शिरलो तर बोलणं ऐकू येईना. दोन्ही बाजूंना लूम चालू होते. ताईची खोली शेवटची, मागे पत्र्याची पडवी. ती पडवीतूनच बाहेर आली. साडीवर दाजींचा जुना खाकी शर्ट, डोक्याला फडकं.

"कव्हय उना रे?" तिनं विचारलं. घरात आम्ही अहिराणीच बोलतो.

"आत्ताच."

तिनं तांब्या पुढे केला तेव्हा मला तिचे हात दिसले. मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक काळे डाग होते. सुऱ्या दाजी करत नव्हते. ताई करत होती.

पहिल्या दिवशी मी मायचा निरोप सांगितलाच नाही. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाल्ली आणि पडवीत बसून बघत राहिलो. ट्रकच्या कमानीच्या, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या, मोडक्या पट्ट्या भंगारातून आणलेल्या. दाजी डाव्या हातानं भात्याचं चाक फिरवायचे, पट्टी लाल झाली की ताई ती सांडशीनं ऐरणीवर घ्यायची आणि हातोडा मारायची. पात्याचा आकार आला की कानस घेऊन बसायची. एका पात्याला दोन दिवस सहज जात. त्या वेळी तिच्याकडे एका खमणवाल्याची मोठी सुरी होती. पातं घासून तयार होतं, फक्त पाणी देणं, म्हणजे तापवून कडक करणं, बाकी होतं. खमणवाल्याची बायको दारात येऊन विचारून गेली, "बेन, छरी तैयार थई गई?"

"काले," ताई म्हणाली. उद्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजींनी पडवीचं दार लावून घेतलं. अंधारातच लोखंडाचा रंग नीट कळतो, म्हणाले. जमिनीवर दोन डबे होते. एकात जळकं तेल, दुसऱ्यात सांडशी थंड करायचं पाणी.

"अशोक, मी सांगितलं की तेलाचा डबा हिच्या पायाशी सरकव," दाजी म्हणाले.

ताई भट्टीपुढे उभी. दाजी पात्याकडे टक लावून बघत होते. "थांब. अजून थांब. आता काढ. अशोक, डबा."

मी डबा सरकवला. ताईनं पातं बुडवलं. चर्रर्र झालं, पाठोपाठ टण असा बारीक आवाज आला. दाजींनी दार उघडलं. मी पाण्याचा डबा सरकवला होता. पाण्यात पातं तेलापेक्षा झटकन थंड होतं आणि तडकतं. पात्याला धारेपासून पाठीपर्यंत केसासारखी चीर गेली होती.

"ताई, माझ्यामुळे..."

"अंधार होता," ती म्हणाली. पातं तिनं कोपऱ्यात ठेवलं आणि नवी पट्टी काढली. मला ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

ती बाजूच्या नळावर पाणी भरायला गेली तेव्हा दाजी माझ्याजवळ आले. "तू कशाला आलास ते मला माहीत आहे. घेऊन जा तिला. माझ्या हातामुळे ती हे करते. मी इथे काहीतरी बघून घेईन. सासऱ्याच्या घरी राहायला मात्र मी येणार नाही."

हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. ताई हंडा घेऊन आत आली तेव्हा मी तिला सरळ विचारलं, "माय बोलावते आहे. चलतेस?"

तिनं हंडा उतरवला. "काबरं?"

"काबरं म्हणजे? किती हाल करून घेतेस."

"तिथे येऊन काय करू? तुझ्या बायकोच्या चुलीपाशी बसू?" ती शांतपणे म्हणाली. "पहिलं वर्ष हाल होते, ते खरं. तेव्हा तुम्ही कोणी आला नाहीत. आता मला हे येतं. आणि यांना रंग दिसतो, मला दिसत नाही. हे नसले तर माझी प्रत्येक सुरी फुटेल."

दाजी भात्याजवळ जाऊन बसले.

मी दोन दिवस जास्त राहिलो. नव्या पट्टीवर घण मारला, हातांना फोड आले. चौथ्या दिवशी पातं तेलात गेलं आणि धड बाहेर आलं. ताईनं त्यावरून कानस फिरवली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली. मग चुलीवरच्या जाड तव्यावर ते हळूहळू तापवलं. दाजी "बस" म्हणाले तेव्हा त्यावर वाळल्या गवताचा पिवळा रंग आला होता. त्यानं कडकपणा थोडा उतरतो आणि धार टिकते. शिसवी मूठ बसवायला मात्र मी थांबलो नाही. संध्याकाळची गाडी होती.

घरी आलो तर माय ओट्यावर बसलेली. मी एकटाच आलेला पाहून तिनं दाराकडे आणखी एकदा बघितलं.

"तिचे हात कसे आहेत?" तिनं विचारलं.

खोटं सांगायचं मनात आलं होतं. "भाजलेले आहेत," मी म्हणालो.

माय त्याआधी नवापूरच्या पलीकडे कधी गेली नव्हती. पंधरा दिवसांनी ती माझ्या धाकट्या भावाला घेऊन उधन्याला गेली आणि महिनाभर राहिली. परत आल्यावर तिनं ताईला आणायचा विषय काढला नाही. शेजारणींना सांगताना मात्र मी ऐकलं, "जावई दार लावून घेतो, मग 'थांब', 'काढ' याशिवाय दोघं बोलत नाहीत. मी बाहेर बसून राहायची."

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ताई उधन्यातच आहे. सुऱ्या करणं तिनं दाजी गेले त्याच वर्षी थांबवलं.