हळदीचे पाणी आणि खंडेनवमी

जिच्या तेजाचा अंश पणतीत आहे, विजेत आहे आणि मला न उमगणाऱ्या यंत्रांतही आहे, त्या आदिमायेला प्रथम नमस्कार. आज आमच्या घरी घट बसले. काळ्या मातीत गहू पेरले, पहिली माळ चढवली, नंदादीप लावला. देवघरातून उठताना शेजारच्या खोलीतल्या काचेच्या पेटीकडे नजर गेली. गेल्या नवरात्राची आठवण त्या पेटीपाशीच अडकून आहे. ती आज लिहून ठेवतो.

मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. माझा एकुलता मुलगा मिहान या उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीत संगणकाचे काम करीत असे. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी त्याचा विभागच बंद झाला. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला नवी नोकरी सहजासहजी मिळत नाही. कित्येक दिवस तो नेहमीच्या वेळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसे आणि कुठेही जात नसे. अशा वेळी बापाने काय करावे हे कोणत्याही पाठशाळेत शिकवलेले नव्हते. मी जप वाढवला.

मग त्याने घरीच संगणक बांधायला घेतले, तेही पाण्याने थंड होणारे. यंत्राच्या तापणाऱ्या मेंदूवर तांब्याचा एक ठोकळा बसवायचा. त्याच्या पोटात केसासारख्या बारीक खाचा असतात. त्यांतून पंपाने पाणी खेळवायचे आणि तापलेले पाणी पंख्यांच्या वाऱ्याने निववून पुन्हा आत सोडायचे, अशी ती रचना. सून यवतमाळकडची, शेतकऱ्याच्या घरातली. तिने सगळे नीट पाहून घेतले आणि म्हणाली, "म्हंजे कॉम्प्युटरले कूलर लावून राहिले तुम्ही! मंग वाळ्याच्या ताट्या बी लावा ना, वास तरी येईल."

तो मोठ्याने हसला. आमच्या घरात तसे हसू ऐकून फार दिवस झाले होते.

सीताबर्डीच्या बाजारातल्या एका दुकानदाराने त्याला शब्द दिला होता. दसऱ्याला दुकानाच्या दर्शनी काचेत असे एक यंत्र मांडायचे. लोकांच्या मनात भरले तर पुढची सगळी बांधणी आमच्या घरून व्हायची. अट एकच होती. "भाऊ, चमकलं पाहिजे," तो म्हणाला होता. "ठंडा-गरम कोणी पाहत नाही. लोकं चमक पाहतात."

ही चमक म्हणजे नळ्यांतल्या पाण्यात घालायचा एक रंग. यंत्राच्या काचेच्या पेटीत जांभळट दिवा असतो. त्याचा अतिनील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो पडताच रंग आतून पेटल्यासारखा उजळतो. बाहेरून मागवलेला रंग वेळेवर येण्याचे चिन्ह दिसेना, तेव्हा मुलगा स्वयंपाकघरात शिरला. थोडी हळद त्याने स्पिरिटात खलली, माझ्या जुन्या उपरण्याच्या तुकड्यातून पुन्हा पुन्हा गाळली आणि खिडक्या लावून मला हाक मारली.

"बाबा, आता पाहा."

त्याने दिवा लावला. बाटलीतला द्रव हिरवट सोन्यासारखा झळाळला. मी जन्मभर देवाला हळद वाहिली. तिच्या पोटात हे तेज आहे हे मला ठाऊक नव्हते. माझे हात आपसूक जोडले गेले.

"हळद चमकली हे बरं झालं," सून दारातून म्हणाली, "पण आज वरण पांढरंच खा. डब्बा खाली केला यायनं."

घटस्थापनेच्या दिवशी त्याने ते थेंब शुद्ध पाण्यात सोडले आणि पंप सुरू केला. इकडे देवघरात अखंड दीप तेवत होता, तिकडे त्या खोलीत पिवळे पाणी अखंड फिरत होते. मी दिव्यात तेल घालायला उठलो की तिकडेही डोकावून येई.

खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी आमच्याकडे शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. पूजलेली वस्तू दशमीच्या उत्तरपूजेपर्यंत वापरायची नाही, तिला विसावा द्यायचा, हा घरचा नेम. पाटावर मी माझे लेखणीचे डबडे आणि चष्मा ठेवला, सुनेने विळी ठेवली. मुलगा या पूजेला कधी बसत नसे. लहानपणी बसे; पुढे कामाची घाई, मग सवय मोडली. मी त्याला कधी टोकले नाही, पण दरवर्षी एक पाट जास्तीचा मांडत असे.

त्या सकाळी तो न्हाऊन, सोवळे नेसून आला. ती जड पेटी त्याने छातीशी धरली होती.

"बाबा, याचीही पूजा करा. बंद केलंय मी. आज हत्यारं थांबतात ना?"

मी काही सांगितले नव्हते. त्याने स्वतःहून थांबवले होते. मी काचेवर हळदकुंकू लावले. अक्षता टाकताना मंत्र दोनदा अडखळला. तो मांडलेल्या पाटावर बसला होता.

दशमीला उत्तरपूजा आटोपून त्याने बटण दाबले. जांभळा दिवा लागला, पण पाण्यातले सोने गेले होते. नळ्या गढूळ दिसत होत्या आणि टाकीच्या तळाशी पिवळा गाळ साचला होता. पडद्यावरचे उष्णतेचे आकडे भराभर चढू लागले. त्याने झटकन यंत्र बंद केले.

"हळद पाण्यात विरघळत नाही, बाबा," तो म्हणाला. "फिरत होती तोवर तरंगत होती. काल थांबली, आणि बसली. खाचांत बसली सगळी."

त्याच्या स्वरात दोष नव्हता. असता तर मला सोसणे सोपे गेले असते. 'काल' हा शब्द आम्हा तिघांनाही ऐकू आला.

दुकानदाराचा फोन आला. "भाऊ, कुठवर आले? काच रिकामी ठेवून राहिलो मी."

"दुपारपर्यंत आणतो," मुलगा म्हणाला.

त्याने ठोकळा उघडला. सुनेने जुना ब्रश आणला आणि ती घासायला बसली. खाचा इतक्या बारीक होत्या की ब्रशाचे केस आत शिरेनात.

"बाबा, टॉर्च धरता?"

मी धरला. माझा हात आता स्थिर राहत नाही. उजेड तांब्यावर थरथरू लागला. "थोडा इकडे, बाबा," तो म्हणाला. मी दुसऱ्या हाताने मनगट आवळले, तरी थरथर थांबेना. मग त्याने हलकेच टॉर्च माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या दातांत धरला.

मी देवघरात जाऊन बसलो. जिच्यापुढे ते यंत्र विसावले होते, तिच्याचकडे ते चालू व्हावे म्हणून मागायचे होते. स्तोत्र ओठांवर आले आणि मधेच हरवले.

दुपार कलल्यावर पुन्हा फोन वाजला. "राहू द्या आता, भाऊ. दुसऱ्याचं रेडीमेड मांडलं मी. दसरा काय थांबते का कोणासाठी? मन छोटं नका करू. दिवाळीले पाहू."

दिवाळीला त्याचा फोन आला नाही.

त्या संध्याकाळी मुलाने आपट्याची पाने माझ्या हातावर ठेवली. "सोनं घ्या, बाबा." तो वाकला. नखांच्या कडा पिवळ्या होत्या. दरवर्षीचा यशाचा आशीर्वाद मी उच्चारला, पण त्याच्या डोक्यावरून हात लवकर उचलला गेला नाही.

आता तो कोराडीकडे एका लहानशा कचेरीत संगणकांची देखभाल करतो आणि बसने जातो-येतो. ती पेटी घरीच आहे, साध्या पाण्यावर चालते. नळ्यांना लागलेला हळदीचा डाग मात्र गेला नाही. कधी तो जांभळा दिवा लावतो, तेव्हा कडांवर फिकी झाक उजळते. तो थोडा वेळ पाहतो आणि दिवा मालवतो.

आज घट बसताना तो माझ्या शेजारी होता. दिव्यात पहिले तेल त्यानेच घातले. नवमीला यंत्र थांबवायचे की नाही, हे त्याने विचारलेले नाही. विचारले तर काय सांगावे, मला कळत नाही. तो त्या पाटावर बसावा हे माझे कित्येक वर्षांचे मागणे होते. ते मागायला नको होते असे म्हणवत नाही. मागितले ते बरे झाले, असेही म्हणवत नाही. पाट मात्र मी मांडीन.

वाचकहो, आपल्या देवघरातली वात तेवत राहो. आपल्या लेकरांच्या हातांना काम मिळो आणि त्या कामाला मान मिळो. आपल्या स्वयंपाकघरातला हळदीचा डबा कधी रिता न होवो, आणि घरात कुणी हताश बसले असेल तर त्याच्यासाठी उजेड धरायला आई जगदंबा आपल्या हातांना स्थैर्य देवो.